कोलफॅक्सची पाटी आणि अमेरिकेच्या शाळेतला इतिहास

अमेरिकेत शाळेत इतिहास कुठला शिकवायचा यावरून जे वाद चालू आहेत ते वाचताना बऱ्याच जणांना वाटतं की हे सगळं ट्रम्प आल्यापासून सुरू झालं. तसं नाहीये. याचं मूळ दीडशे वर्षं मागे आहे आणि ते समजून घ्यायचं तर मी दक्षिणेकडच्या लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स नावाच्या एका लहानशा गावापासून सुरुवात करेन.

१३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. गुलामगिरी जाऊन आठ वर्षं झाली होती, काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळून तीन. १८७२ च्या गव्हर्नरच्या निवडणुकीचा निकाल वादात होता, म्हणून काळे लोक कोलफॅक्सच्या कोर्टाची इमारत राखत बसले होते. गोऱ्यांचा सशस्त्र जमाव तोफ घेऊन आला, इमारतीला आग लावली, बाहेर पडणाऱ्यांना मारलं, आणि जे शरण आले त्यांनाही नंतर गोळ्या घातल्या. मेलेल्यांचा आकडा ६० पासून १५० पर्यंत वेगवेगळा सांगतात. गोरे मेले तीन. खटला झाला, मोजक्या लोकांना शिक्षाही झाली, पण १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती रद्द केली.

आता हे बघा. महात्मा फुल्यांच्या ‘गुलामगिरी’च्या प्रस्तावनेवर तारीख आहे १ जून १८७३. म्हणजे कोलफॅक्सनंतर जेमतेम सात आठवडे. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलंय अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना ज्यांनी काळ्यांना गुलामीतून सोडवलं, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता घ्यावा अशी इच्छा तिथे व्यक्त केलीय. मी ती अर्पणपत्रिका कॉलेजात वाचली तेव्हा मला वाटलं होतं की तिकडे तर प्रश्न सुटलाच होता. पण ज्या मुक्तीला फुले हात जोडत होते तिचा त्याच उन्हाळ्यात गळा घोटला जात होता, आणि पुढची कित्येक दशकं अमेरिकन मुलांना शाळेत शिकवलं गेलं की गळा घोटणारेच बरोबर होते.

हे अक्षरशः दगडावर कोरलेलं आहे. १९२१ मध्ये कोलफॅक्सच्या स्मशानात त्या तीन गोऱ्यांसाठी स्मारक उभारलं आणि त्यावर लिहिलं की हे वीर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले. १९५० च्या सुमारास सरकारने गावात एक पाटी लावली, इथे ‘कोलफॅक्सची दंगल’ झाली, तीन गोरे आणि १५० निग्रो मारले गेले, आणि या घटनेने दक्षिणेतल्या, म्हणजे उत्तरेतून आलेल्या, उपऱ्यांच्या ‘गैरकारभाराचा’ शेवट झाला, अशा अर्थाचा मजकूर. कत्तलीला दंगल म्हटलं, आणि मतदानाने आलेल्या सरकारला गैरकारभार. ती पाटी २०२१ मध्ये काढली, म्हणजे सत्तर वर्षं तिथून जाणाऱ्या येणाऱ्या प्रत्येक शाळकरी पोराने तोच इतिहास वाचला.

हे झालं कसं? आपण सहज म्हणतो की इतिहास जिंकणारे लिहितात, पण इथे युद्ध हरलेल्यांनी लिहिला. युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ चं उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध, सिव्हिल वॉर.

अलेक्झांडर स्टीव्हन्स हा अमेरिकेतून फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या राज्यांच्या सरकारचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा, उपाध्यक्ष. मार्च १८६१ मध्ये सव्हाना शहरात त्याने भाषण केलं आणि उघड सांगितलं की आमच्या नव्या सरकारची कोनशिला हीच आहे की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था. मिसिसिपीने फुटून निघताना जे जाहीरपत्र काढलं त्यातही सुरुवातीलाच गुलामगिरीचं नाव आहे, काही लपवाछपवी नाही. मग युद्ध हरलं, आणि त्याच स्टीव्हन्सने जाडजूड दोन खंड लिहून मांडलं की भांडण गुलामगिरीचं नव्हतंच मुळी, ते राज्यांच्या हक्कांचं होतं. ‘राज्यांचे हक्क’ हा शब्दप्रयोग तिथून जो पाठ्यपुस्तकात शिरला तो अजून पूर्ण निघालेला नाही.

शाळेपर्यंत हे नेण्याचं काम बायकांच्या एका संघटनेने केलं, १८९४ मध्ये स्थापन झालेली युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी. त्यांनी दक्षिणेच्या सैनिकांचे पुतळे उभारले ते सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या मते पुतळ्यांपेक्षा त्यांनी पुस्तकांचं जे केलं ते जास्त खोल गेलं. मिल्ड्रेड रदरफोर्ड या त्यांच्या इतिहास विभागाच्या प्रमुख होत्या. १९१९ च्या सुमारास त्यांनी एक छोटी पुस्तिका काढली, पाठ्यपुस्तकं मोजायची मोजपट्टी असंच तिचं नाव. त्यात पुस्तक निवडणाऱ्या समित्यांना सरळ सूचना आहेत, की दक्षिण गुलाम राखण्यासाठी लढली असं म्हणणारं पुस्तक नाकारा, गुलामांचा मालक क्रूर आणि अन्यायी होता असं म्हणणारं पुस्तक नाकारा. आणि लायब्ररीवाल्यांना सांगितलं होतं की या मापात न बसणाऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘दक्षिणेवर अन्याय करणारं’ असं लिहून ठेवा. मुलांसाठी प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका होत्या पाठ करायला, गुलामांना कसं वागवलं जाई, तर जवळजवळ नेहमी मायेने, असलं.

यात एक व्यवहाराची गोष्ट आहे. अमेरिकेत पाठ्यपुस्तक देशभरासाठी एका ठिकाणी ठरत नाही, ते राज्य आणि तिथली स्थानिक स्कूल बोर्डं ठरवतात, आणि दक्षिणेतली बरीच राज्यं सगळ्या शाळांसाठी मिळून मंजूर पुस्तकांची यादी करतात. प्रकाशकांना एवढं मोठं मार्केट घालवायचं नव्हतं. त्यामुळे कुणाला काही बोचणार नाही अशी पुस्तकं लिहिणं हाच धंद्याचा नियम झाला, आणि बोचणं कुणाचं मोजायचं तर ज्यांच्या हातात समिती त्यांचं. काळ्या आईबापांच्या हातात समिती नव्हती, मतही उरलं नव्हतं.

पण फक्त दक्षिणेला दोष देणं सोपं आहे. या गोष्टीला विद्वत्तेचा शिक्का उत्तरेने दिला. न्यूयॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात, विल्यम डनिंग नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी एकेका राज्याचा अभ्यास करून लिहिलं की युद्धानंतरचा रिकन्स्ट्रक्शनचा काळ, म्हणजे १८६५ ते १८७७, हा काळ्यांना लायकी नसताना मत दिल्याने झालेला सत्यानाश होता. कागदपत्रं वापरली होती, तळटीपा होत्या, खोटं असं पटकन दाखवता येणार नाही, पण साक्षीदार सगळे एकाच बाजूचे. दक्षिणेत सरकारी शाळांची व्यवस्था याच काळात उभी राहिली, मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स हा काळा माणूस १८७० मध्ये सिनेटवर गेला, हे सगळं कडेला. १९१५ मध्ये हीच बाजू पडद्यावर मांडणारा ‘बर्थ ऑफ अ नेशन’ सिनेमा आला त्यात पडद्यावर ज्या इतिहासकाराची वाक्यं झळकली ते वुड्रो विल्सन त्यावेळी स्वतः राष्ट्राध्यक्ष होते, आणि सिनेमा व्हाइट हाउसमध्ये दाखवला गेला.

आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ याच कोलंबियात होते. डनिंग तेव्हा तिथेच शिकवत होते. आणि १९१३ मध्येच जॉन लिंच यांचं पुस्तक आलं, हे लिंच गुलाम म्हणून जन्मलेले, मिसिसिपी विधानसभेचे स्पीकर झालेले, अमेरिकेच्या संसदेवर निवडून गेलेले, म्हणजे ज्या काळावर हे प्रोफेसर लोक लिहीत होते तो काळ ज्याने स्वतः चालवला असा माणूस, आणि तो एकेक मुद्दा घेऊन सांगत होता की तुम्ही लिहिताय तसं झालं नाही. बड्या इतिहासकारांनी त्यांना मनावर घेतलं नाही.

ड्यू बॉइस या काळ्या इतिहासकाराचंही तेच. १९०९ मध्ये त्यांनी इतिहासकारांच्या अधिवेशनात रिकन्स्ट्रक्शनचे फायदे यावर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो छापताना त्यांनी विनंती केली की ‘निग्रो’ शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा, संपादकांनी नाही म्हटलं. आपल्या लिपीत कॅपिटल नसतं म्हणून ही गोष्ट लहान वाटेल, पण ते तुम्ही आम्हाला एक समाज मानता की नाही एवढंच विचारत होते. १९३५ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला आणि त्याच्या शेवटच्या प्रकरणात त्यांनी शाळेची पाठ्यपुस्तकं घेऊन दाखवलं की मुलांना काय वाचायला दिलं जातंय, काळे अडाणी, काळे आळशी, काळ्यांनी सरकार बुडवलं. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी याच ड्यू बॉइसना पत्र लिहिलं की मी तुमचं लिखाण वाचत आलोय आणि अस्पृश्यांची स्थिती आणि निग्रोंची स्थिती यात इतकं साम्य आहे की त्यांचा अभ्यास आवश्यकच आहे.

संशोधन करायचं तरी कसं तेही बघा. १९३९ मध्ये जॉन होप फ्रँकलिन हा तरुण काळा इतिहासकार नॉर्थ कॅरोलायनाच्या सरकारी दप्तरखान्यात गेला. तिथे सांगितलं की काळा माणूस येईल असं धरून ही इमारत बांधलेलीच नाही. वेगळी खोली दिली, आणि गोरे कर्मचारी काळ्याला दप्तर आणून देणार नाहीत म्हणून फडताळांच्या खोलीची किल्लीच त्याच्या हातात दिली. थोड्याच दिवसांत गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की याला आत जाता येतं आणि आम्हाला नाही, मग किल्ली काढून घेतली.

व्हर्जिनियाने १९५७ मध्ये सातवीसाठी सरकारी कमिशनमार्फत पुस्तक काढलं. त्यात एक चित्र आहे. जहाजाच्या डेकवर नीटनेटके युरोपियन कपडे घातलेलं काळं कुटुंब, आणि एक गोरा माणूस त्यांच्याशी हस्तांदोलन करतोय, जणू पाहुणे आलेत. गुलामांचं आयुष्य साधारणपणे सुखाचं होतं असं वाक्यही त्या पुस्तकात आहे. ते पुस्तक सत्तरच्या दशकापर्यंत वर्गात होतं. ते वाचलेली मुलं आज सत्तरीत आहेत, मतदान करतात, बोर्डावर बसतात.

मिसिसिपीत १९७४ मध्ये जेम्स लोवेन आणि चार्ल्स सॅलिस यांनी राज्याच्या इतिहासाचं नवं पुस्तक केलं तर समितीने ते नाकारलं. प्रकरण फेडरल कोर्टात गेलं. समितीतल्या एका गोऱ्या सदस्याचा आक्षेप होता लिंचिंगच्या फोटोवर. जजने विचारलं, हे घडलं ना? मिसिसिपीत सगळ्यात जास्त झालं ना? तो म्हणाला हो, पण ते फार जुनं आहे, आता कशाला. जज म्हणाले हे इतिहासाचंच पुस्तक आहे ना? १९८० मध्ये निकाल लेखकांच्या बाजूने लागला.

पुस्तकं काढून टाकण्याचा प्रकार फक्त वंशावरून झाला असंही नाही. १९४० च्या सुमारास हॅरल्ड रग यांची पुस्तकं, जी लाखो मुलं वाचत होती, भांडवलशाहीवर टीका करतात म्हणून शाळांतून हटवली. १९९४ मध्ये राष्ट्रीय इतिहास मानकं, म्हणजे शाळेत इतिहास काय शिकवावा याची देशपातळीवरची रूपरेषा, तयार झाली तर फार निराशाजनक आहेत म्हणून सिनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी त्यांचा निषेध केला. आणि दुसऱ्या बाजूनेही घाई होते, हे मान्य केलं पाहिजे. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘१६१९ प्रोजेक्ट’मध्ये, म्हणजे अमेरिकेचा इतिहास गुलामगिरीपासून मांडणाऱ्या लेखमालेत, लिहिलं होतं की वसाहतवाल्यांनी ब्रिटनपासून स्वातंत्र्य मागितलं त्याचं एक मुख्य कारण गुलामगिरी वाचवणं, त्यावर मोठ्या इतिहासकारांनी आक्षेप घेतला आणि मार्च २०२० मध्ये त्यांना ‘काही वसाहतवाल्यांनी’ असा बदल करावा लागला. उत्तर म्हणून ट्रम्प यांनी देशाभिमानी इतिहास शिकवावा यासाठी १७७६ कमिशन नेमलं, त्याचा रिपोर्ट १८ जानेवारी २०२१ ला आला आणि बायडन यांनी दोनच दिवसांत कमिशन गुंडाळलं. मार्च २०२५ मध्ये पुन्हा ट्रम्प यांचा आदेश निघाला, यावेळी रोख स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेच्या म्युझियमवर.

मला मात्र या वॉशिंग्टनच्या आदेशांपेक्षा टेक्सासचं एक वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१५ मध्ये ह्यूस्टनजवळच्या एका मुलाने भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशाचा फोटो काढून आईला पाठवला, त्याखाली लिहिलं होतं की गुलामांच्या व्यापाराने आफ्रिकेतून लाखो ‘कामगार’ शेतमळ्यांवर काम करायला आणले. कामगार! आईने ते सगळ्यांसमोर मांडलं, प्रकाशकाने चूक मान्य करून बदललं. त्याच टेक्सासच्या बोर्डाने २०१० च्या सिलॅबसमध्ये सिव्हिल वॉरची कारणं या क्रमाने दिली होती, प्रादेशिक अस्मिता, राज्यांचे हक्क, आणि मग गुलामगिरी. नोव्हेंबर २०१८ मध्ये बोर्डाने मतदान करून गुलामगिरीचा विस्तार हे मुख्य कारण म्हणून मान्य केलं. स्टीव्हन्सने हेच सव्हानात भर सभेत सांगितलं होतं, त्याला तोवर १५७ वर्षं झाली होती.