बागेतील रेल्वे

घराभोवतीच्या मोकळ्या जागेत कायमचे रूळ टाकून त्यांवर छोट्या, मापात बांधलेल्या आगगाड्या चालवण्याचा छंद. खेळण्यातली गाडी खेळून झाली की खोक्यात भरून ठेवता येते. बागेतली रेल्वे रात्री आणि पावसातही तिथेच असते. या एका फरकावरून छंदाचे बाकीचे सारे स्वरूप ठरते. डोंगरावर चालणाऱ्या अरुंद मार्गाच्या प्रवासी गाड्यांनाही लाडाने ‘टॉय ट्रेन’ म्हणतात, पण त्या खऱ्या रेल्वे आहेत; त्यांचा विचार येथे नाही.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे पसरू लागली तशी तिची खेळणीही निघाली. ब्रिटनमधली पितळी वाफेची इंजिने रुळांवाचूनच जमिनीवर सोडून देत. मागे पाण्याची ओली रेघ राहायची, म्हणून त्यांना ‘ड्रिबलर’, म्हणजे लाळ गाळणारी, हे नाव पडले. पुढे जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने 1891 मध्ये लाइपझिगच्या जत्रेत चावीच्या गाडीसोबत ठरावीक मापांचे, एकमेकांना जोडता येणारे रूळ मांडले. त्यामुळे आज इंजिन घेतले तर पुढच्या वाढदिवसाला एक सांधा किंवा दोन डबे घेऊन तीच रेल्वे वाढवता येऊ लागली. छंद खरा इथून सुरू झाला असे म्हणायला हरकत नाही. अमेरिकेत लायोनेल (1900) आणि ब्रिटनमध्ये हॉर्नबीच्या गाड्या (1920) याच वाटेने घराघरांत गेल्या.

पुढची वाटचाल लहान होत जाण्याची आहे. दोन रुळांतले अंतर, म्हणजे गेज, 45 मिमीवरून 32 वर, मग 16.5 वर आले आणि गाडी जमिनीवरून टेबलावर चढली. 1972 मध्ये मेर्कलिननेच 6.5 मिमी गेजचे ‘झेड’ माप आणले. पण त्याआधी, 1968 मध्ये, न्युरेंबर्गच्या लेहमान कंपनीने उलटी दिशा धरली होती. एलजीबी या नावाने तिने 45 मिमी गेजची, ऊनपाऊस सोसणारी प्लास्टिकची गाडी काढली. आजची बागेतली रेल्वे बहुतांशी तिचीच लेक. या मापाला ‘जी’ म्हणतात.

‘जी’ हे खरे तर एक माप नव्हेच. रूळ 45 मिमीचे, पण त्यांवर मीटर गेजची गाडी दाखवायची तर प्रमाण 1:22.5, स्टँडर्ड गेजची (1435 मिमी) दाखवायची तर 1:32, तीन फुटी मार्गाची तर 1:20.3. काही अमेरिकी उत्पादकांनी 1:29 पसंत केले. हिशेबात ते बसत नाही, पण गाडी भारदस्त दिसते. एलजीबीचे पहिले इंजिन ‘स्टाइन्झ’ याच गफलतीचे अपत्य: मूळ ऑस्ट्रियन इंजिन 760 मिमी मार्गावरचे, प्रतिकृती मात्र मीटर गेजच्या हिशेबातल्या रुळांवर धावते. वळणांचेही तेच. सर्वांत लहान, 60 सेंमी त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात 13.5 मीटरचे ठरेल. इतक्या आखूड वळणावरून लांब डब्याची खरी गाडी कोणी नेणार नाही. छंदी मंडळी हे जाणतात आणि सोडून देतात. वेगाबाबत मात्र सोडू नये. ताशी 60 किमीची गाडी 1:22.5 प्रमाणात ताशी 2.7 किमीने, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाच्या चालीने, गेली पाहिजे. नवख्याची गाडी हमखास याच्या तिप्पट-चौपट पळते आणि लगेच खेळणे दिसू लागते.

गाडी लहान करता येते, निसर्ग करता येत नाही. चार सेंटीमीटरचे पान या जगात 90 सेंमीचे होते, म्हणून थाइम, सीडम, खुजे सूचिपर्णी अशी बारीक पानांची झाडे लावतात आणि कात्री सतत हाताशी ठेवतात. उन्हाचा तडाखाही पूर्ण मापाचाच. दहा मीटर पितळी रूळ 30 अंशांच्या फरकाने सुमारे 6 मिमी लांबतो. तो सिमेंटवर पक्का ठोकला तर कुठेतरी उचलला जाणारच. म्हणून बहुतेक जण चर खणून त्यात बारीक खडी भरतात आणि रूळ तिच्यावर नुसता तरंगता ठेवतात. खडी कोपऱ्यांची हवी. वाटोळे गोटे सरकतात, कोपरे एकमेकांत अडकतात. चढ मीटरला दोन सेंटीमीटरपर्यंत असावा. त्याहून जास्त ठेवला की डबे कमी करावे लागतात.

रुळांतून वीज खेळवणे ही सर्वांत कटकटीची बाब. पितळावर थर चढतो, रुळांचे जोड सैल होतात आणि गाडी घरापासून सर्वांत दूरच्या कोपऱ्यात जाऊन थांबते. जोडांवर स्क्रूच्या पकडी बसवणे, रूळ घासणे हे नित्याचेच. रूळ स्वतःकडेच वळवून आणला तर दोन ध्रुव एकमेकांना भिडून शॉर्टसर्किट होते, हेही पहिल्या आराखड्यात कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून अलीकडे पुष्कळांनी इंजिनातच बॅटरी बसवून रेडिओने गाडी चालवणे पत्करले आहे. मग रूळ नुसते रूळ राहतात आणि रात्री त्यांवरून गेलेल्या गोगलगाईशी भांडण उरत नाही.

या साऱ्यातून सुटण्याचा जुना मार्ग म्हणजे खरी वाफ, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते छंदाचा गाभाही तोच. ब्युटेन वायू, स्पिरिट किंवा क्वचित कोळशावर पाणी उकळते. येथेही माप आडवे येते: लांबी 22.5 पट घटली की बॉयलरचा पृष्ठभाग सुमारे 506 पट घटतो, पण पाणी सुमारे 11,390 पट. उष्णता साठवायला पाणी थोडे, गमवायला पृष्ठभाग भरपूर. सिलिंडर थंड असताना इंजिन सोडले की पहिल्या फेरीत धुराड्यातून गरम पाण्याचे शिंतोडे उडतात. जवळ वाकून पाहणाऱ्याचा चष्मा त्यात सापडतोच. वंगणाची युक्ती फार सुंदर आहे. तेलाच्या छोट्या डबीत वाफ शिरते, थंड होऊन पाणी होते, ते तळाशी बसते आणि तेवढेच तेल वर ढकलून वाफेच्या नळीत सोडते. पंप नाही, झडप नाही. फेरी संपल्यावर डबीतले पाणी काढून पुन्हा तेल भरायचे, इतकेच.

माणूस वर बसून चालवू शकेल अशा गाड्या हा याच छंदाचा मोठा प्रकार. वॉल्ट डिस्नेने 1950 मध्ये लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराभोवती सव्वासात इंची गेजची, सुमारे 800 मीटरची रेल्वे बांधली आणि इंजिनाला पत्नी लिलियनवरून ‘लिली बेल’ नाव दिले. पत्नीच्या फुलझाडांखालून सुमारे 27 मीटरचा बोगदा काढला, तोही मुद्दाम नागमोडी, आत शिरणाऱ्याला पलीकडचे तोंड दिसू नये म्हणून. 1953 मध्ये इंजिन घसरून वाफेने एक लहान मुलगी भाजली, तेव्हा त्याने ही रेल्वे बंद केली. दोन वर्षांनी डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्याला वळसा घालणारी वाफेची गाडी पहिल्या दिवसापासून चालू होती.