यूएईचं सहिष्णुता धोरण आलं कुठून?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अबू धाबीजवळच्या अबू मुरेखाला दगडी मंदिराचं उद्घाटन झालं तेव्हा आपल्याकडे खूप जणांना वाटलं की आखातात हे काहीतरी एकदम नवीनच घडलंय. तसं नाहीये. दुबईत खाडीच्या काठाला, बर दुबईच्या जुन्या बाजारात १९५८ पासून मंदिर होतं, अरुंद गल्ली, बाजूला हारफुलांची दुकानं, जिना चढून वर जायचं आणि जवळच मोठी मशीद. सिंधी-कच्छी व्यापारी तिथे मोत्यांच्या धंद्यापासूनचे, रुपया तर १९६६ पर्यंत तिथे चलनात होता (शेवटची काही वर्षं आखातासाठी छापलेल्या वेगळ्या नोटा). आता व्यापारी टिकवायचा तर त्याच्या देवालाही जागा द्यावी लागते, सरळ हिशोब. अबू धाबीत १९६५ ला कॅथलिक चर्च उभं राहिलं तेही तिथले तेव्हाचे शासक शेख शखबूत यांनी दिलेल्या जागेवर.

म्हणजे सुरुवात कायद्याने नाही, मर्जीने झाली. माझ्या मते हा धागा आजपर्यंत सुटलेला नाही.

१९७१ ला देश झाला, घटना आली. त्यात कलम ७ मध्ये इस्लाम हा अधिकृत धर्म, कलम ३२ मध्ये रूढ चालीरीतींप्रमाणे पूजाअर्चेची मोकळीक, पण सार्वजनिक धोरण आणि नीतिमत्तेला धक्का लागता कामा नये. आणि कलम २५ नीट वाचा, कायद्यापुढे सगळे समान असं आहे खरं, पण धर्म, वंश यावरून भेदभाव नाही ही हमी लिहिलीय ती 'नागरिकांमध्ये'. आता तिथे राहणाऱ्या दहा माणसांत नागरिक साधारण एकच, बाकी सगळे व्हिसावर आलेले.

मग सहिष्णुतेचं एवढं मंत्रालय-बिंत्रालय कशाला? ११ सप्टेंबर २००१ च्या १९ हल्लेखोरांत दोघं यूएईचे होते, ही गोष्ट राज्यकर्त्यांना चांगलीच झोंबली. पुढे २०११ च्या अरब उठावांनंतर मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी राजकीय चळवळीची भीती बसली, २०१३ मध्ये तिच्याशी जोडल्या जाणाऱ्या 'इस्लाह' या तिथल्या संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून ९४ जणांवर खटला चालला, ६९ दोषी ठरले, त्यात वकील आणि प्राध्यापकही होते, मानवाधिकार संघटनांनी भरपूर टीका केली. धर्माचं राजकारण करणाऱ्यांना आत टाकायचं आणि दुसरीकडे सगळ्या धर्मांना मांडवात बोलवायचं, ही दोन्ही कामं एकाच वेळी चालू होती, आणि एक बाजू सोडून दुसरी सांगितली की चित्र अर्धवट राहतं.

२०१५ ला धर्माचा अपमान, भेदभाव आणि द्वेष पसरवणं याविरुद्ध कायदा आला. एखाद्याला काफिर ठरवून भडकवणंही त्यात गुन्हा. २०१६ ला सहिष्णुतेसाठी खास मंत्रिपद, पहिल्या मंत्री शेखा लुबना अल कासिमी. संवादाची बाजू २०१४ पासूनच उभी राहत होती, अल-अझहर या कैरोतल्या सुन्नी धर्मपीठाचे प्रमुख इमाम अहमद अल-तय्यब यांच्या अध्यक्षतेखालची मुस्लिम विद्वानांची परिषद अबू धाबीतच स्थापन झाली होती, त्यामुळे ४ फेब्रुवारी २०१९ ला पोप फ्रान्सिस आणि अल-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर तिथेच सह्या केल्या यात नवल नाही. अरबी द्वीपकल्पात पोप येण्याची ती पहिलीच वेळ. त्यातूनच अबू धाबीच्या सादियात बेटावर मशीद, चर्च आणि सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) एकाच आवारात आले, २०२३ मध्ये.

सोहळे बाजूला ठेवा, खरा बदल मला वाटतो तो अबू धाबीच्या २०२१ च्या कायद्यात. मुस्लिमेतरांसाठी वेगळा दिवाणी कौटुंबिक कायदा, घटस्फोटाला कारण सिद्ध करायची गरज नाही, मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी दोघांना सारखा वाटा. फेब्रुवारी २०२३ पासून तशाच धर्तीचा कायदा देशभर लागू झाला. पण मुसलमानांना धर्म सोडायला सांगणारा प्रचार आजही बंदच, आणि मुस्लिम नागरिक कुटुंबातल्या मुलीचा वारसाहक्क अजून शरियतप्रमाणेच ठरतो, म्हणजे या एका बाबतीत बाहेरून नोकरीला आलेल्या हिंदू किंवा ख्रिस्ती घरातली मुलगी तिच्यापेक्षा पुढे आहे.