ओढणारा ट्रक आणि पेलणारा ट्रक: कॅम्परसाठी जुना डिझेल पिकअप घेताना

अमेरिकेत किंवा कॅनडात कॅम्पर ओढण्यासाठी जुना डिझेल पिकअप शोधायला निघालेला माणूस आधी इंजिनाचं विचारतो. डॉज/रॅमचं कमिन्स घ्यावं, जीएमचं (जनरल मोटर्सचं) ड्युरामॅक्स की फोर्डचं पॉवरस्ट्रोक? तो प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण त्याच्या आधीचा प्रश्न मागच्या ॲक्सलचा आहे. डिझेल इंजिन दहा-बारा हजार पौंडांचा ट्रेलर सहज ओढतं. त्या ट्रेलरचा जो भाग ट्रकच्या पाठीवर येऊन बसतो, तो मात्र इंजिन पेलत नाही. तो पेलतात स्प्रिंगचे पाटे, ॲक्सल आणि चार टायर.

ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायरच्या दाबाचा स्टिकर असतो आणि त्यावर एक वाक्य असतं: माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन नको. ट्रकविषयीचा सगळ्यात खरा आकडा तोच. जाहिरातीतली ‘टो रेटिंग’, म्हणजे ओढण्याची कमाल मर्यादा, त्या मॉडेलच्या सर्वांत सोयीच्या ट्रकची असते. स्टिकर मात्र तुमच्यासमोर उभ्या असलेल्या ट्रकचा असतो. साधारण २००६ च्या आधीच्या किंवा कमाल एकूण वजन दहा हजार पौंडांवर असलेल्या ट्रकवर हे वाक्य नसू शकतं. अशा वेळी टाकी भरून ट्रक काट्यावर न्यायचा आणि खांबावर लिहिलेल्या कमाल एकूण वजनातून ते वजन वजा करायचं. हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर ‘कॅट स्केल’ असतात. ते पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वजनं वेगवेगळी छापून देतात.

आता हिशेब मांडू. बारा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील कॅम्पर आहे. त्याच्या वजनाचा १५ ते २५ टक्के भाग ट्रकच्या हौद्यातल्या जोडणीवर येतो. मधला २० टक्के धरला तरी २,४०० पौंड झाले. जोडणीचं लोखंड १५० ते २००, घरची चार माणसं ६००, हौद्यातलं सामान १००. बेरीज ३,३०० च्या आसपास जाते. पाऊण टनी म्हणजे २५०० किंवा एफ-२५० गटातल्या चार दारी, फोर-व्हील-ड्राइव्ह डिझेल ट्रकचा स्टिकर पुष्कळदा दोन ते अडीच हजार दाखवतो. म्हणजे इंजिन हसत ओढेल, पण मागचे टायर आणि पाटे मर्यादेच्या बाहेर जातील. या गटाचं कमाल वजन बहुधा दहा हजार पौंडांवर थांबवलेलं असतं, कारण त्यापुढे वाहनाचा वर्गच बदलतो. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनापेक्षा शेकडो पौंडांनी जड असतं आणि तेवढं वजन सरळ भारक्षमतेतून वजा होतं. डिझेल घेतलं की पाठ जास्त पेलेल, हा समज नेमका उलटा आहे.

मागच्या बॉलला अडकवायचा साधा ट्रॅव्हल ट्रेलर असेल तर बॉलवर १० ते १५ टक्के भार यावा लागतो. त्याहून कमी आला, म्हणजे ट्रेलरचं वजन मागे गेलं, की तो हायवेवर लंबकासारखा डोलू लागतो आणि वेग वाढेल तसा डोल वाढतो. इथे तरफही काम करते. बॉल मागच्या ॲक्सलच्या ५ फूट मागे आणि दोन ॲक्सलमध्ये १३ फूट अंतर असेल, तर बॉलवरचे १,००० पौंड पुढच्या चाकांवरून सुमारे ३८५ पौंड उचलून मागे टाकतात. मागच्या ॲक्सलवर प्रत्यक्षात १,३८५ येतात आणि स्टिअरिंग हलकं लागतं. हे वजन पुन्हा पुढे ढकलायला वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे भार वाटून देणारी जोडणी, लागते. फिफ्थ व्हीलचा भार ॲक्सलच्या माथ्यावर किंवा किंचित पुढे बसतो, म्हणून तो जड असूनही नीट चालतो. हौद्यात बसवायचा स्लाइड-इन कॅम्पर पाण्यासकट तीन-चार हजार पौंड सहज भरतो. त्याला बहुतेक वेळा मागे चार चाकांचा एक टनी ‘ड्युअली’च लागतो, आणि कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या ॲक्सलच्या पुढे पडला पाहिजे.

हे जमलं की इंजिनाकडे यायचं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली जाते, ती इतकी तापते की त्यात फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. लांब स्ट्रोक आणि टर्बो यांमुळे कमी फेऱ्यांवर मोठा टॉर्क मिळतो. १९८९ मध्ये डॉजच्या पिकअपमध्ये आलेलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरी कमिन्स फक्त १६० हॉर्सपॉवरचं होतं, पण टॉर्क ४०० पौंड-फूट. हीच ‘बी’ मालिका पुढे जमशेदपूरच्या टाटा कमिन्समधून टाटाच्या ट्रकांत आली, त्यामुळे आपल्या महामार्गांवर वाढलेल्यांना त्या इंजिनाचा आवाज ओळखीचा वाटेल. टर्बोचा खरा उपयोग कोलोरॅडोत कळतो. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेलं इंजिन धापा टाकतं, टर्बो मात्र हवा कोंबून बरीचशी भरपाई करतो.

चढापेक्षा उतार कठीण. साडेनऊ टनांचा ट्रक-ट्रेलर ६०० मीटर खाली उतरला की सुमारे ५६ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी मुरवावी लागते. एवढ्या उष्णतेत साधारण २१ लिटर गार पाणी उकळून पूर्ण वाफ होईल. ७ टक्के उतारावर ताशी ९० किलोमीटरने उतरताना हा ओघ १६० किलोवॉटच्या वर असतो. काही भाग हवेचा विरोध आणि टायर खातात, बाकीचा इंजिन आणि ब्रेकवर. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (हवेची झडप) बंद केला की आत पोकळी तयार होते आणि इंजिन गाडी धरून ठेवतं. डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, दाबलेली हवा स्प्रिंगसारखी उलटून पिस्टन परत ढकलते, म्हणून नुसता पाय काढून फारसं भागत नाही. एक्झॉस्ट ब्रेक धुराची वाट अरुंद करतो आणि पिस्टनला त्या दाबाविरुद्ध कष्ट करायला लावतो. रॅममध्ये (डॉजच्या पिकअपचं नाव) हा २००७ च्या मध्यापासूनच्या ६.७ कमिन्सबरोबर, तर जीएम आणि फोर्डमध्ये २०११ पासून कंपनीकडूनच आला. डोंगराळ भागात जड कॅम्पर न्यायचा असेल तर त्याच्याशिवायचा ट्रक घेऊ नका. जुना ट्रक फारच आवडला असेल तर बाहेरून बसवण्याचा खर्च आधीच धरा.

वर्ष निवडताना दोन सीमारेषा लक्षात ठेवायच्या. २००७ च्या नियमांनी धुरातली काजळी पकडणारा डीपीएफ आणला. २०१० च्या नियमांनी नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी डीईएफ, म्हणजे पाण्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण, बहुतेक नव्या ट्रकांत आणलं. या दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, फुप्फुसांसाठी तर नक्कीच. पण त्यांना लांबचा, गरम प्रवास लागतो. डीपीएफमधली काजळी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळते. रोज पाच मैल दुकानापर्यंत जाणाऱ्या ट्रकमध्ये ती जळायची वेळच येत नाही. २००८ ते २०१० च्या फोर्डच्या ६.४ लिटर इंजिनात काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्येच जास्तीचं डिझेल फवारलं जातं, त्यातलं काही भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये जातं. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर आणि त्याला डिझेलचा वास असेल, तर तिथूनच निघा.

सगळ्यात महागडा दोष इंधनपंपाचा. बॉशचा सीपी-४ पंप २०११ पासून फोर्ड ६.७ मध्ये, २०११ ते २०१६ ड्युरामॅक्समध्ये आणि २०१९-२० च्या रॅममध्ये आहे. या पंपाला वंगण म्हणून फक्त डिझेलच मिळतं. २००६ पासून अमेरिकेतल्या डिझेलमधलं गंधक १५ पीपीएमवर आणलं गेलं. ते काढण्याच्या प्रक्रियेत इंधनाला बुळबुळीतपणा देणारी संयुगंही जातात. वंगणगुण मोजायला डिझेलमध्ये पोलादी गोळी ७५ मिनिटं घासतात आणि पडलेला ओरखडा मोजतात. युरोपात तो ४६० मायक्रॉनपर्यंत चालतो, अमेरिकेत ५२० पर्यंत. पंपातला रोलर आडवा फिरला की कॅम खरवडला जातो आणि पोलादाचा चुरा उच्च दाबाच्या नळ्यांतून थेट इंजेक्टरपर्यंत पोचतो. मग एकटा पंप बदलून भागत नाही, टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं बदलावं लागतं आणि बिल दहा हजार डॉलरच्या घरात जातं. घेण्याआधी मेकॅनिककडून पंपावरचा इंधन नियंत्रक व्हॉल्व्ह काढून पाहा. त्याच्या जाळीवर चांदीसारखी चमचम दिसली, तर किंमत कितीही पडली तरी तो ट्रक नको. रॅमने त्या दोन वर्षांच्या ट्रकांसाठी रिकॉल काढला; काम झालंय का ते एनएचटीएसए या अमेरिकी रस्तासुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) टाकून कळतं.

बाकीची वर्षं थोडक्यात. २००३ ते २००७ च्या फोर्ड ६.० मध्ये ऑइल कूलर गाळाने तुंबतो, मग ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा) फाटतो, मग हेड गॅस्केट जातं. हायवेवर वीस मिनिटं चालवून स्कॅनरवर ऑइल आणि कूलंटचं तापमान पाहा. फरक १५ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त असेल तर कूलर तुंबलाय. त्याचं इंजेक्टर मॉड्यूल ४८ व्होल्ट देतं, ४५ च्या खाली गेलं तर बदलायला आलं. २००१ ते २००४ च्या एलबी-७ (ड्युरामॅक्सच्या पिढ्यांना असे सांकेतिक क्रमांक असतात) ड्युरामॅक्सचे इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरखाली दडलेले आहेत आणि ते हमखास गळतात; बदलल्याची पावती मागा. १९९८ च्या मध्यापासून २००२ पर्यंतच्या कमिन्समध्ये टाकीतून इंधन आणणारा छोटा लिफ्ट पंप बंद पडला की व्हीपी-४४ हा मोठा पंप इंधनाविना जळतो. आमच्या मते जुन्यांत २००६-०७ चा एलबीझेड ड्युरामॅक्स ॲलिसन गिअरबॉक्ससह, किंवा २००३ ते २००७ चं कॉमन रेल ५.९ कमिन्स हे उत्तम, आणि नव्यांत २०१७ नंतरचा ड्युरामॅक्स, कारण त्यातला पंप वेगळा, डेन्सोचा आहे. फोर्डचं ७.३ टिकाऊ आहे, पण त्यामागची गाडी आता वीस वर्षांहून जुनी आहे. जीएममध्ये व्हीआयएनचा आठवा अंक इंजिन सांगतो: १ म्हणजे एलबी-७, २ म्हणजे एलएलवाय, डी म्हणजे एलबीझेड. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा तो वाचा.

ट्रक बघायला जाताना विक्रेत्याला आधीच सांगा की इंजिन थंड ठेवा. पोचल्यावर बॉनेट उघडून इंजिनावर तळहात ठेवा. कोमट लागलं, तर थंडीत ते सुरू होत नसावं ही शंका रास्त आहे. सुरू होतानाचा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा, निळा ऑइलचा. इंजिन चालू असताना ऑइल टाकायच्या तोंडाचं झाकण उलटं करून तसंच वर ठेवा. हलकी फुंकर आली तर ठीक. झाकण नाचून खाली पडू लागलं तर पिस्टनच्या रिंगांमधून वायू निसटताहेत. धुराच्या थंड नळीत बोट घालून फिरवा. डीपीएफ असलेल्या ट्रकमध्ये बोट जवळपास स्वच्छ निघायला हवं. काळंकुट्ट निघालं तर फिल्टर फुटलाय किंवा कोणी काढून टाकलाय. तो काढणं क्लीन एअर ॲक्टखाली बेकायदा आहे, आणि कॅलिफोर्नियात १९९८ पासूनचे, १४ हजार पौंडांपर्यंतचे डिझेल ट्रक स्मॉग तपासणीत येतात. असा ट्रक घेऊच नका.

मैलांइतकेच इंजिन चाललेले तास पाहा. दीड लाख मैल आणि ५,००० तास म्हणजे सरासरी ताशी ३० मैल, चालता ट्रक. तेच मैल आणि ९,००० तास असतील तर तो अर्धं आयुष्य एका जागी घुरघुरत उभा राहिलेला आहे, आणि डीपीएफ व टर्बोत काजळी साचलेली असणार. हौद्यात गूजनेक बॉल (जड ट्रेलर जोडायचा गोळा) असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल काढून पाहा. तपकिरी आणि जळका वास म्हणजे ओढताना तापलेला. ॲलिसनचा फिल्टर बाहेरून फिरवून काढता येतो आणि त्यात चुंबक असतं, त्यावरचा चुरा बोलका असतो. ग्रेट लेक्सच्या भागातला ट्रक असेल तर खाली झोपून चॅसीचे सांधे आणि ब्रेकच्या नळ्या टॉर्चने पाहा, कारण रस्त्यावरचं मीठ आधी तेच खातं. टायरवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असो, सहा-सात वर्षांचे टायर जड कॅम्परखाली नकोत.

ट्रक घेतल्यावर कॅम्पर जोडून, सामान भरून, माणसं बसवून पुन्हा काट्यावर जा. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा असतो, म्हणजे ५० गॅलनच्या टाकीत ४१५ पौंड. टाकी कॅम्परच्या ॲक्सलच्या पुढे असेल तर हे वजन ट्रकच्या पाठीवर चढतं, मागे असेल तर बॉलवरचा भार कमी करून डोल वाढवतं. एकदा टाकी भरून आणि एकदा रिकामी करून तोला, आणि दोन्ही पावत्या ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा.