संबंधांचे ‘भांडवल’: ‘सामाजिक भांडवल’ या संज्ञेची पार्श्वभूमी

माणसामाणसांतील संबंध ठिपके आणि रेषांनी कागदावर उतरवण्याचा एक शिस्तशीर प्रयत्न १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथे, मुलींच्या एका सुधारशाळेत झाला. कोणासोबत राहायला आवडेल हे मुलींना विचारून ती चित्रे तयार करण्यात आली होती. १९५४ मध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रेम्नेस या मच्छीमारांच्या बेटावरील अभ्यासात ‘जाळे’ हा शब्द नुसते रूपक न राहता विश्लेषणाचे साधन झाला. पुढे तीनच वर्षांनी लंडनमधील वीस कुटुंबांच्या अभ्यासातून असे मांडले गेले की, नवराबायकोचे आप्तमित्र एकमेकांना जितके अधिक ओळखत असतील तितकी त्या घरात पुरुषांची कामे आणि बायकांची कामे यांची वाटणी अधिक कडक असते. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत लहानपण गेलेल्यांना हा निष्कर्ष परका वाटू नये.

त्या काळात पुण्यातही सामाजिक संशोधन जोमात होते. १९३६-३७ मध्ये शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, १९५४ मध्ये फेरपाहणी झाली आणि भारतातील नातेव्यवस्थेवरील एक मूलभूत ग्रंथ १९५३ मध्ये इथल्याच एका विदुषीने सिद्ध केला. या कामांत मोजणीचा किंवा मांडणीचा घटक कुटुंब, जात किंवा प्रदेश हा होता. संबंधजालाच्या अभ्यासाला मात्र संबंध हाच घटक लागतो, आणि तिथे नेहमीची नमुना पाहणी अपुरी पडते. शंभर घरांतून दहा निवडली, तर उत्पन्नाची सरासरी बऱ्यापैकी हाती येते. पण उरलेल्या नव्वद घरांशी असलेले त्या दहा घरांचे धागे तुटतात आणि जाळे म्हणून काही शिल्लक राहत नाही. गावच्या गाव विचारावे लागते. तशी माहिती संगणकाशिवाय हाताळणे अवघड असल्यामुळे हे क्षेत्र दीर्घ काळ लहान समूहांपुरतेच राहिले.

त्याला मोठा वाचकवर्ग मिळाला तो १९७३ मधील एका निबंधामुळे. बोस्टनजवळील न्यूटन या गावी, ओळखीतून नोकरी मिळालेल्या व्यावसायिक आणि तांत्रिक नोकरदारांना, ज्याने खबर दिली तो माणूस त्या सुमारास कितीदा भेटत असे, हे विचारण्यात आले. वारंवार भेटणारे सुमारे १७ टक्केच निघाले. अधूनमधून भेटणारे ५६ टक्के आणि क्वचित भेटणारे २८ टक्के होते. जवळच्या माणसांना आपल्याला असते तीच माहिती असते, नवी बातमी दूरच्या ओळखीतून येते, असा त्याचा अर्थ लावला गेला. हा समूह मात्र अगदी लहान होता आणि सुशिक्षित, पगारदार अमेरिकन माणसांचा होता. पुढच्या पन्नास वर्षांत हा निष्कर्ष जगभर उद्धृत होताना ही मर्यादा बहुधा गळून पडली, हे नोंदवणे आवश्यक आहे.

खरा गुंता आहे तो ‘सामाजिक भांडवल’ या शब्दांचा. १९१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील ग्रामीण शाळांच्या एका अधिकाऱ्याने ते शब्द शेजारधर्म, सहानुभूती आणि एकमेकांकडे येणेजाणे या अर्थाने वापरले होते, पण ते विसरले गेले. १९८० च्या दशकात पॅरिस आणि शिकागो या दोन ठिकाणी त्यांना दोन वेगळे अर्थ मिळाले. पॅरिसमधील मांडणीत हे भांडवल म्हणजे ओळखीपाळखीतून व्यक्तीच्या वा वर्गाच्या पदरी पडणारे बळ होते. ते पैशात बदलता येते, वारशाने चालते आणि ज्यांच्याकडे नसते त्यांना दाराबाहेर ठेवते. १९८८ मधील शिकागोच्या मांडणीत ते समूहातील विश्वास आणि वचक यांतून निर्माण होते. न्यूयॉर्कचे हिरेव्यापारी लाखमोलाच्या खड्यांची पिशवी पावतीशिवाय दुसऱ्याच्या हाती देतात, हे त्यातले उदाहरण. आपल्याकडची भिशी त्याच जातीची. लिखापढी नसताना पहिल्याच महिन्यात रक्कम उचललेला माणूस उरलेले हप्ते भरतो, कारण न भरल्यास त्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

एका अर्थाने ही विषमतेची यंत्रणा आहे आणि दुसऱ्या अर्थाने सर्वांच्या सोयीची ठेव. १९९३ मध्ये इटलीतील प्रादेशिक सरकारांच्या वीस वर्षांच्या अभ्यासाने दुसरा अर्थ थेट प्रदेशांना आणि राष्ट्रांना लावला: जिथे गायनमंडळे आणि क्रीडामंडळे जास्त, तिथे कारभार चांगला. विकासाला कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी हीच आवृत्ती उचलली. माझ्या मते या क्षेत्रातला सर्वाधिक परिणाम करणारा आणि सर्वाधिक घाईचा निर्णय हाच होता, कारण मालकीचा प्रश्न त्यात मागे पडला. भांडवल म्हटले की ते कोणाचे, हे विचारलेच पाहिजे. २००० च्या सुमारास एका ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञाने तर ‘भांडवल’ हे रूपकच सोडून द्यावे असे सुचवले. भांडवल पुढच्या लाभासाठी आज काही त्यागून उभे केले जाते आणि ते दुसऱ्याच्या नावे करता येते, तर मैत्री अशी हिशेबाने केली जात नाही आणि हस्तांतरितही होत नाही, असा त्याचा मुद्दा होता. संज्ञा तरीही टिकली.

मराठीत आणखी एक पेच आहे. भागभांडवल आणि खेळते भांडवल आपल्याला परिचित आहे, पण ‘एखाद्या गोष्टीचे भांडवल करणे’ हा निंदेचा शब्दप्रयोग आहे. शिवाय विकासाच्या अर्थशास्त्रात याच संज्ञेने रस्ते, पाणीपुरवठा, शाळा अशी सार्वजनिक गुंतवणूकही सूचित होत आली आहे. त्यामुळे ग्रामीण भागातील सामाजिक भांडवलावरचा लेख वाचताना तो पाझर तलावाबद्दल आहे की भावकीबद्दल, हे दोन पाने उलटेपर्यंत कळेलच असे नाही. व्यवहारात ज्याला आपण ओळख, वशिला, गाववाले, सोयरीक म्हणतो, त्यातल्या प्रत्येक शब्दाला स्वतःची नैतिक छटा आहे, आणि एका संज्ञेखाली त्या साऱ्या छटा पुसल्या जातात.

मंडळे असली की समाज सुदृढ असतो, या समजाला पुढे दोन बाजूंनी धक्का बसला. २००२ मध्ये भारतातील सहा शहरांच्या तुलनेतून दाखवले गेले की, दंगली आटोक्यात ठेवण्यासाठी नुसत्या संघटना पुरत नाहीत, हिंदू आणि मुसलमान दोघेही ज्यांत आहेत अशा संघटना लागतात. २०१७ मधील एका अभ्यासात जर्मनीच्या २२९ शहरांत, जिथे क्लब आणि मंडळे दाट होती तिथे नाझी पक्षाची सदस्यसंख्या अधिक वेगाने वाढल्याचे आढळले.

मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचे काम २००६ चे आहे. मुंबईत दादर भागातील शाळांच्या माहितीवरून त्यात असे दिसले की, १९९० च्या दशकात इंग्रजी येणाऱ्यांचे पगार वाढू लागल्यावरही, ज्या जातींचे पुरुष पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या ओळखीने कष्टाच्या कामांवर लागत आले होते, त्या जातींतील मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले. त्याच घरांतल्या मुलींसाठी असे जाळे कधी नव्हतेच, आणि म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे अधिक वेगाने वळल्या. जे जाळे बापाच्या पिढीला पोटाला लावत होते तेच मुलाला धरून ठेवत होते. ‘जाळे’ या मराठी शब्दात अडकण्याचा अर्थ मुळातच आहे, आणि इथे तो अचूक बसतो.

अलीकडे माहितीचा आकार पालटला आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतील ७ कोटी २२ लाख फेसबुक वापरकर्त्यांच्या २,१०० कोटी मैत्र्या तपासल्या गेल्या आणि गरीब घरांतल्या मुलांच्या पुढच्या कमाईशी, त्यांच्या भागात श्रीमंतांशी मैत्री किती होते, याचा घट्ट संबंध दिसला. क्लबांची आणि मंडळांची संख्या त्या मानाने दुबळी ठरली. मालकीचा जुना प्रश्न अशा रीतीने पुन्हा वर आला.

कर्नाटकातील खेड्यांत मात्र काम घरोघर विचारूनच झाले. एखादी बातमी गावभर पोचवायची तर कोणाला सांगाल, असे तिथल्या लोकांना विचारण्यात आले. जाळ्याचा नकाशा कोणीही पाहिलेला नसताना त्यांनी सांगितलेली नावे जाळ्याच्या मध्याजवळच्या माणसांचीच निघाली. पुढे २१३ गावांत मोफत सोडतीची बातमी अशा माणसांमार्फत सोडली, तेव्हा ती गावातील प्रतिष्ठितांमार्फत सोडलेल्या बातमीपेक्षा अधिक लोकांपर्यंत गेली.