इंडियानापोलिस २००५ : प्रेक्षकांच्या संतापामागचे टायर

१९ जून २००५ रोजी इंडियानापोलिस मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला वनच्या वीस गाड्या फॉर्मेशन लॅपसाठी, म्हणजे शर्यतीआधीच्या संथ फेरीसाठी, निघाल्या आणि त्यांपैकी मिशेलिन टायरच्या चौदा गाड्या ती फेरी संपताच पिट लेनमध्ये, म्हणजे संघांच्या गॅरेजांसमोरच्या मार्गात, वळल्या. ब्रिजस्टोन टायरच्या फेरारी, जॉर्डन आणि मिनार्डी संघांच्या उरलेल्या सहा गाड्यांवरच अमेरिकन ग्रां प्री सुरू झाली, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, काहींनी ट्रॅकवर बाटल्या फेकल्या आणि अनेकजण तिकिटांचे पैसे परत मागत अर्ध्यावरच निघून गेले.

त्या संतापाची सुरुवात शुक्रवारच्या सरावात झाली होती. तेरावे वळण हे मूळच्या अंडाकृती ट्रॅकचे बाहेरच्या कडेकडे उंच होत जाणारे, वेगवान वळण असल्याने तेथे डाव्या बाजूच्या टायरवर मोठा भार येतो. तेथेच राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा डावा मागील टायर निकामी होऊन गाडी भिंतीवर आदळली. टायर नेमका का फाटतो याचे खात्रीशीर उत्तर मिशेलिनला मिळेना, आणि त्या वळणावर वेग कमी केल्याशिवाय आपले टायर सुरक्षित नाहीत असे कंपनीने लेखी कळवले.

खरी कोंडी नियमाने केली. त्या हंगामात पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत टायरच्या एकाच संचावर पूर्ण करावी लागे. वळणाआधी तात्पुरता शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारा नागमोडी अडथळा, उभारावा, ही मागणी फेरारी वगळता इतर संघांना मान्य होती. परंतु योग्य टायर आणणाऱ्या संघांवर तो अन्याय ठरेल आणि न तपासलेला मार्ग धोक्याचा असेल, असे म्हणत मॅक्स मोस्ली यांच्या अध्यक्षतेखालील एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेने ती फेटाळली. त्यांचा युक्तिवाद नियमात बसणारा होता, पण तिकीट काढलेल्या माणसाला त्यात कुठेच जागा नव्हती.

फेरारीचा मायकेल शूमाकर जिंकला, त्याचा संघसहकारी बारिकेलो दुसरा आला. पोडियमवर मनापासून आनंदला तो तिसरा आलेला जॉर्डनचा तियागो मोंतेरोच. चौथ्या क्रमांकावर आलेल्या नारायण कार्तिकेयनला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमधील भारतीय चालकाचे ते पहिले गुण. भारतात कौतुक झाले खरे, पण त्याला या रिकाम्या शर्यतीची किनार कायमची राहिली.

पुढे मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत करण्याची आणि २००६ च्या शर्यतीसाठी वीस हजार तिकिटे मोफत देण्याची तयारी दाखवली. एफआयएने मिशेलिन वापरणाऱ्या सात संघांना आधी दोषी धरले आणि जुलैत तो निर्णय फिरवला. प्रेक्षकांचे दावे न्यायालयात टिकले नाहीत. शर्यतीदरम्यान टायर बदलण्याची मुभा २००६ मध्ये परत आली आणि त्याच हंगामाअखेर मिशेलिन फॉर्म्युला वनमधून बाहेर पडली. इंडियानापोलिसने २००७ मध्ये अखेरची फॉर्म्युला वन ग्रां प्री पाहिली.