विज्ञानकथा ॲक्शन फिगर : संग्रह आणि प्रतवारी

विज्ञानकथांतील पात्रांची, हातपाय हलणारी जुनी खेळणी (ॲक्शन फिगर) जमवणे आणि त्यांची अवस्था, सुटे भाग व दुर्मिळता पाहून त्यांचा दर्जा ठरवणे, हा जगभर रुजलेला छंद. ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारणपणे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंतचा माल, असे बहुतेक संग्राहक मानतात.

सुरुवातीच्या खेळण्यांत मॅटेल कंपनीचा ‘मेजर मॅट मेसन’ हा अंतराळवीर महत्त्वाचा. त्याच्या रबरी अंगात तार असे आणि हातपाय वाकवून वाकवून ती तुटे. म्हणून आतली तार शाबूत असलेला मेसन आज भाव खातो. १९७४ मध्ये मेगो कंपनीने ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेतील पात्रे आठ इंची आकारात, कापडी कपडे घालून आणली.

या क्षेत्राचे वळण मात्र सिनसिनाटीच्या केनर कंपनीने ठरवले. ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट १९७७ मध्ये आला, पण नाताळापर्यंत खेळणी तयार झाली नव्हती. तेव्हा केनरने खेळण्यांऐवजी एक पुठ्ठ्याचे पाकीट विकले. त्यातले प्रमाणपत्र पाठवले की पुढच्या वर्षी पहिली चार पात्रे घरपोच मिळत. खेळण्यांचा आकार पावणेचार इंच ठेवल्यामुळे ती आत बसतील अशी यानेही बनवता आली, आणि पुढे हाच आकार रूढ झाला. ही मालिका १९८५ पर्यंत चालली.

प्रतवारीत सीलबंद आणि सुटे असे दोन मोठे भाग पडतात. सीलबंद खेळण्यात मूर्तीइतकेच मागचे कार्ड आणि पुढचे पारदर्शक आवरण मोलाचे असते. कार्डाचे कोपरे दुमडलेत का, किमतीचा स्टिकर ओढताना छपाई सोलली गेली का, आवरण पिवळे पडले का, टांगण्यासाठीचे भोक अजून न फोडलेले आहे का, हे सारे बारकाईने पाहिले जाते. ॲक्शन फिगर ऑथॉरिटी (एएफए) ही अमेरिकी संस्था शंभरपैकी अंक देऊन खेळणे पारदर्शक पेटीत बंद करते. कार्ड, आवरण आणि मूर्ती यांचे वेगळे अंकही मिळतात, आणि जाणकार एकूण अंकाआधी तेच वाचतात. हा अंक अवस्था सांगतो, दुर्मिळता नाही. ९० अंकांच्या सर्रास मिळणाऱ्या मूर्तीपेक्षा ७० अंकांची दुर्मिळ मूर्ती कैक पटींनी महाग असू शकते.

सुट्या मूर्तींचे मोल बहुधा हरवणाऱ्या वस्तूंवर ठरते. केनरच्या ‘जावा’ला (‘स्टार वॉर्स’मधील एक बुटके पात्र) आधी व्हायनिलचा, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा, झगा होता, लवकरच तो बदलून कापडी केला. मूर्ती तीच, पण व्हायनिल झग्याचा जावा कितीतरी महाग. साहजिकच दुसऱ्या पात्राचा व्हायनिल झगा कापून फसवणूक होते. शस्त्रांच्या नकलाही भरपूर आहेत. पाण्यात टाकून खरे-खोटे ओळखण्याची प्रथा आहे, पण सगळी अस्सल शस्त्रे तरंगत नाहीत, त्यामुळे एवढ्यावर विसंबू नये. साच्याच्या खुणा आणि प्लॅस्टिकचा पोत खात्रीच्या मूर्तीशी ताडून पाहणे अधिक भरवशाचे.

पिवळे पडलेले पांढरे प्लॅस्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने उजळवता येते. मात्र पिवळेपणा पुन्हा उमटू शकतो. अशी डागडुजी विकताना न सांगणे ही सरळ फसवणूक आहे. मुळात ऊन आणि उष्णता टाळणे, हाच उत्तम उपाय.

सर्वांत चर्चेतली वस्तू मात्र दुकानात कधीच आली नाही. पाठीवरून स्प्रिंगने रॉकेट सोडणाऱ्या बोबा फेटची (‘स्टार वॉर्स’मधील एक पात्र) केनरने जाहिरात केली होती. पण लहान मुले तो बारीक तुकडा गिळतील या भीतीने रॉकेट पक्के बसवूनच मूर्ती पाठवल्या गेल्या. उरले ते मोजके नमुने. त्यांपैकी एक २०२४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेला.

नकली मालालाही स्वतःची उतरंड आहे. तुर्कस्तानातील ‘उझाय’ मालिकेने परवान्याशिवाय ‘स्टार वॉर्स’ची पात्रे भडक रंगांत आणि स्वतःच्या चित्रांच्या कार्डांवर विकली. आज त्यांचे स्वतंत्र संग्राहक आहेत, आणि उझायचे चांगले कार्ड मिळणे केनरच्या अनेक कार्डांपेक्षा अवघड आहे.