मावा न लागणारा गहू

त्र्यंबक, गोदावरी, पंचवटी, तपोवन ही निफाडच्या संशोधन केंद्रात तयार झालेल्या गव्हाच्या वाणांची नावं. आपल्याकडे नव्या वाणाची पहिली परीक्षा तांबेऱ्याची, म्हणजे पानावरच्या बुरशीच्या रोगाची असते. मावा, म्हणजे पानांतला रस शोषणारी बारीक कीड, हा दुय्यम शत्रू. जानेवारीत चार दिवस आभाळ भरून राहिलं, की मात्र शेतकऱ्याची नजर आधी पानाच्या खालच्या बाजूला जाते.

माव्याची खरी ताकद त्याच्या वाढण्यात आहे. मादीला नराची गरज नसते, ती थेट पिल्लंच घालते, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढत असतात! हवामान मानवलं तर आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः आई होतं. केसाहून बारीक सोंड पेशींच्या फटींतून सरकवत मावा ती थेट झाडाच्या अन्नरसाच्या नळीत खुपसतो. या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त पदार्थ कमी, म्हणून मावा भरमसाट रस पितो नि जादाची साखर बाहेर टाकतो. पानांवर पडणारा चिकटा तो हाच. पुढे त्यावर काळी बुरशी चढते.

झाड याला तीन तऱ्हांनी तोंड देतं. एक, माव्याला तिथे बसावंसंच वाटत नाही. दोन, बसला तरी रस मानवत नाही, पिल्लं कमी होतात. तीन, मावा राहतो, पितो, पण झाड ते सोसून दाणा भरतं.

पैदासकाराला अर्थातच दुसरी तऱ्हा आवडते, कारण तिचा परिणाम लगेच दिसतो. तिचं पुढे काय होतं, हे अमेरिकेत दिसलं. 'रशियन गहू मावा' ही माव्याची जात तिथे १९८६ मध्ये पोचली. तिने रस शोषलेलं पान सुरळीसारखं वळतं आणि मावा आत सुरक्षित राहतो. ना फवारा पोचतो, ना मावा खाणारा ढालकिडा. मध्य आशियातल्या गव्हातून 'डीएन४' हे प्रतिकारक जनुक घेऊन कोलोरॅडोत १९९४ मध्ये 'हॉल्ट' हा वाण आला. २००३ मध्ये त्या जनुकाला दाद न देणारा मावा तिथेच सापडला. नऊ वर्षं! एक वाण तयार करायलाही साधारण एवढाच काळ जातो.

हे अनपेक्षित नव्हतं. एका जनुकाच्या कुलपाला एकच किल्ली लागते, आणि ती एखाद्या मादीला सापडली की तिची सगळी संतती किल्लीसकटच जन्मते. सोसणाऱ्या वाणावर माव्याला बदलण्याची निकड राहत नाही, म्हणून तो गुण जास्त टिकावा. पण तो अनेक जनुकांत विखुरलेला असतो. दुसऱ्या तऱ्हेसाठी ट्रेमधल्या रोपांवर मावा सोडून पंधरवड्यात मार्क देता येतात, तसं इथे चालत नाही; मावा असलेल्या आणि नसलेल्या वाफ्यांतलं उत्पन्न ताडून पाहावं लागतं. माझ्या मते तरीही मेहनत इथेच घालायला हवी.

सोपी वाट शोधली, की ती वेगळीच किंमत मागते. राय या धान्यातून गव्हात आणलेलं 'डीएन७' कोलोरॅडोतल्या नव्या माव्यालाही पुरून उरलं. पण रायच्या गुणसूत्राचा जो तुकडा त्यासोबत आला, त्याने कणीक चिकट होते. निफाडचा शेतकरी मावा न लागणारा गहू आनंदाने पेरेल. पोळपाटाला चिकटणारी कणीक मात्र त्याच्या घरातच कुणी खपवून घेणार नाही.